बाई, चार्ज घ्या

आबांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. बारामतीला मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे मंगळवारची गर्दी होती. मी लेकीची फाइल छातीशी धरून बाकावर बसले होते. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. बरोबर सहा-सात वर्षांचा नातू. अकराला एक मिनिट कमी असताना त्यांनी खिशातून एक पितळी बिल्ला काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बाई, चार्ज घ्या. वीस मिनिटं." मग नातवाला म्हणाले, "ह्या बाईंच्या चार्जमधी हाईस. दंगा करू नगंस." आणि भिंतीला डोकं टेकून झोपले. नुसते डोळे मिटले नाहीत, चक्क घोरायला लागले.

मी संतापले. अनोळखी बाईच्या हवाली लेकरू करून झोपतो म्हणजे काय? माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती, आणि तिचं दुखणं सुरू झाल्यापासूनच्या तीन वर्षांत मी तिला तिच्या सख्ख्या आजीकडेही कधी तासभर सोडलं नव्हतं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. कुणी विचारलं नाही तरी मी सांगत असे.

बरोबर अकरा वीसला आबा कुणीही न उठवता उठले, हात पुढे केला, बिल्ला परत घेतला आणि म्हणाले, "काय घडामोड?"

"तुमच्या नातवानं माझ्या लेकीला चिमटा काढला."

त्यांनी खिशातली डायरी काढून ते वेळेसकट लिहून घेतलं.

आबा वालचंदनगरच्या कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या उमेदीच्या काळात प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. आत आला की बिल्ला एका फळीवरून काढून दुसऱ्या फळीवर टांगायचा, सुटी झाली की परत. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे टाइमकीपरनं माणसांची तोंडं न बघता फळीकडे बघून सांगायचं. यात एक चोरवाट असे. आपला बिल्ला दोस्ताच्या हाती पाठवायचा आणि आपण घरी लोळत पडायचं. आबांनी उभं आयुष्य असली बदली हजेरी पकडण्यात घालवलं. सख्ख्या मेव्हण्याला पकडलं तेव्हा बायको महिनाभर बोलली नव्हती म्हणे. "बरं झालं," आबा सांगायचे, "तेवढाच महिना घरात शांतता व्हती. पर एक सांगतो बाई, खोट्या हजेरीचा माणूस कुठंच नसतो. कामावर न्हाय म्हंजे न्हाय, आन् घरी झोपला तरी धास्तीनं झोप न्हाय."

नोकरी सुटली पण खोड सुटली नाही. दवाखान्यात ते डॉक्टरांचीसुद्धा हजेरी मांडायचे. दोन महिन्यांत डॉक्टर इतके वठणीवर आले की दारातूनच आबांकडे बघून म्हणायचे, "दहा वाजून सहा, आबा. उसाची ट्रॉली आडवी आली." आबा मान हलवायचे आणि कारणासकट लिहून ठेवायचे. दोन घड्याळं कशाला, असं मी एकदा विचारलं. "एक चुकलं तर दुसऱ्याला कळाया नगं?" म्हणाले. दोन्हींत वेगवेगळी वेळ दिसली तर खरं कुठलं मानता, हे विचारल्यावर मात्र ते माझ्याशी दोन मंगळवार बोलले नाहीत.

नातवाचे आईबाप दोघंही नोकरीवर जात, त्यामुळे नातवाचा सगळा चार्ज आबांकडे. नातवाचं दुखणंही माझ्या लेकीचंच. लघवीतून प्रथिनं जायला लागायची, तोंड सुजायचं, की पुन्हा गोळ्या, पुन्हा अळणी जेवण. घरी आम्हाला रोज सकाळी एक तपासणी करावी लागे. पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची, वरून औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरायची. आरपार आकडे स्वच्छ दिसले तर नील. किंचित धुरकट दिसले तर ट्रेस. त्यापुढं एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. लागोपाठ तीन दिवस तीन प्लस आलं की आजार उलटला. मी शेळगावच्या शाळेत शिक्षिका, पण माझा खरा दिवस त्या नळीवर ठरायचा. नील आलं तर पोरांना गाणी, प्लस आलं तर पाढे.

नळीला मी कुणाला हात लावू देत नव्हते. नवऱ्याला तर नाहीच. एकदा माझ्या तापात त्यानं तपासणी केली आणि गंभीर चेहऱ्यानं "ट्रेस" म्हणाला. मी तापात उठून पुन्हा केली, तर नील. त्या दिवसापासून तो या खात्यातून बडतर्फ.

आता माझ्या शहाणपणाची पुढची पायरी सांगते. मला स्वतःला पित्ताशयात खडे होते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. सर्जननं दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, काढून टाका, नाहीतर एखाद दिवस सूज येऊन धावाधाव होईल. चार दिवसांचं काम. पण चार दिवस नळी कुणाच्या हातात द्यायची? मी कळ आली की ओवा खायची आणि फाइल कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची.

अशात ॲप आलं. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्यासारख्या पालकांसाठी ते बनवलं होतं. मुलांचं करताकरता आईबाप स्वतःकडे बघत नाहीत, म्हणून. दवाखान्यात एक हसतमुख मुलगी येऊन सगळ्यांच्या फोनवर घालून गेली. रोज सकाळी सातला घंटी वाजायची आणि आठ प्रश्न यायचे. काल तुम्ही किती तास झोपलात, वेळेवर जेवलात का, घराबाहेर पडलात का, कशात आनंद मिळाला, असले. उत्तरांवरून दिवा लागायचा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे त्या मुलीचा फोन.

आबांचा दिवा पहिल्या दिवसापासून लाल. ध्यान केलंत का? न्हाय. डायरीत भावना लिहिल्या का? न्हाय, डायरीत डॉक्टरची वेळ लिहिली. आवडतं संगीत ऐकलं का? न्हाय. "रोज अकराला चार्ज देऊन वीस मिनिटं झोपतो, ते लिहायला जागाच न्हाय ह्यात," ते तक्रार करायचे. मग त्या मुलीचा काळजीचा फोन यायचा, आबा तुम्ही बरे आहात ना? आबा उलटी चौकशी करायचे. जेवलीस का? सुटी कवा असती? एकदा ती बिचारी बोलताबोलता रडली की महिन्यात एक रविवार मिळाला नाही. आबा म्हणाले, "डोकं टेक टेबलावर. वीस मिनिटं झोप. मी लाइन धरतो." आणि दवाखान्याच्या बाकावर वीस मिनिटं, एकही शब्द न बोलता, कानाला फोन लावून बसले. शेवटी म्हणाले, "ऊठ पोरी. टाइम झाला."

माझा दिवा मात्र हिरवागार. मी ते प्रश्न तत्परतेनं सोडवायची. शेवटी शिक्षिका होते. आणि संस्थेनं बारामतीत पालकांचा मेळावा ठेवला, त्यात स्वतःची उत्तम काळजी घेणारी पालक म्हणून माझा सत्कार जाहीर झाला. इस्त्रीची साडी नेसून मी गेले. भाषणही तयार केलं होतं. त्या मुलीनं मला व्यासपीठावर उभं केलं आणि कौतुकानं माझी उत्तरं वाचून दाखवायला लागली.

"आपल्या ताई रोज रात्री नऊ ते सकाळी सहा झोपतात. दोन वेळा दूध घेतात. संध्याकाळी तासभर खेळतात. आणि आनंद कशात मिळाला, त्याची उत्तरं ऐका. दोरीवरच्या उड्या. मांजरीला पिल्लं झाली. वर्गातल्या मैत्रिणीशी कट्टी होती, ती सुटली."

टाळ्या पडल्या. ती म्हणाली, ताईंनी आपल्यातलं लहान मूल किती जपलंय बघा. मांजरीच्या पिल्लांपर्यंत मीही मान डोलवत होते. कट्टीशी आल्यावर मात्र माझी मान थांबली. सकाळी सातला माझ्या एका हातात नळी असायची आणि दुसऱ्या हातात फोन. तीन वर्षं मला ज्यानं जे विचारलं ते लेकीबद्दल विचारलं. झोप कशी आहे, पोट साफ आहे का, काय खाल्लं. ॲपच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही उत्तरं स्वतःबद्दल द्या. मी चार महिने रोज सकाळी माझ्या आठ वर्षांच्या पोरीची हजेरी माझ्या नावावर लावत होते. आणि हीच बाई पोरांना परीक्षेआधी सांगते, प्रश्न नीट वाचा.

तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. पण भाषण पाठ झालेलं होतं. स्वतःसाठी वेळ कसा काढावा, यावर मी दहा मिनिटं बोलले. स्टीलची पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्र घेऊन खाली उतरले.

चहाच्या टेबलाशी आबा उभे होते. प्रमाणपत्र हातात घेऊन त्यांनी ते लांब धरून वाचलं, परत दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, बिल्ला तुमचा. माणूस कोण हुता?"

मी प्रमाणपत्राची सुरळी करायला लागले.

"दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या बाईच्या डोळ्याखाली असली काळी वर्तुळं नसत्यात. आमी चाळीस वर्सं हेच केलंय. आन् दुसरं. गेले चार मंगळवार तुमचा उजवा हात बरगडीखाली असतो. आत्ता भाषणातबी हुता. काय हाय तितं?"

मला खोटं बोलायला सुचेना. खडे, दीड वर्ष, साड्यांखालची फाइल, सगळं सांगितलं. चार दिवस लेकीची नळी कोण बघणार, तेही सांगितलं.

"तिचा बाप काय करतो?"

"गावच्या दूध संकलन केंद्रावर असतात. दुधाचं फॅट काढतात."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे सगळ्या गावाचं दूध त्यो तपासतो. फॅटच्या एका पॉइंटवरनं जिथं भावाभावांत भांडणं व्हत्यात, तितं गाव त्याच्या शब्दावर चालतं. आन् तुमी त्याच्या हातात एक नळी देत न्हाय?" मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणाले, जे ते दवाखान्यात सगळ्यांना ऐकवायचे आणि मी कधी मनावर घेतलं नव्हतं. "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाय. पर रिलीव्हर आल्यावर जागा धरून बसायची बी न्हाय. ते बी गुन्ह्यातच येतं."

मी मनातून फार चिडले. खरं सांगायचं तर मला नवऱ्याच्या चुकीची भीती नव्हतीच. त्याला ते जमलं तर मग मी कोण, ही भीती होती. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी नुसतीच बाटली आपटून निघून आले.

त्यानंतरच्या आठवड्यात शाळेत फळ्यासमोर अशी कळ आली की मी खडूसकट खाली बसले. लेक त्याच शाळेत, पोरांनी तिला शेजारच्या वर्गातून बोलावून आणलं. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा अगदी माझ्यासारखा झाला होता, नळी कॅलेंडरसमोर धरताना माझा होतो तसा. मला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन आबांना फोन केला.

रविवारी सकाळी आबा एसटीनं शेळगावला आले. बरोबर दुसरा एक पितळी बिल्ला, एक खिळा आणि स्वतःची हातोडी. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी खिळा ठोकला. "ही खुंटी, ह्यो बिल्ला तुमचा. तुमच्याजवळ हाय तवर चार्ज तुमचा. खुंटीवर गेला की तुमी रजेवर." मी त्यांच्यापुढं माझी तयारी ठेवली. शाळेच्या वहीत, समास आखून, चौदा पानांच्या सूचना. आबांनी पहिलं पान वाचलं.

"नळी डाव्या हातात धरावी," ते मोठ्यानं म्हणाले. "उजव्यात धरली तर प्रोटीन वाढतं व्हय?"

मग म्हणाले, एक पान करा. मी त्याची सात केली, मग तीन केली, आणि रडकुंडीला येऊन एक केलं. पुढं प्रात्यक्षिक. नवऱ्यानं थेंब मोजून टाकले, नळी कॅलेंडरसमोर धरली, नीट निरखली आणि म्हणाला, "ट्रेस."

मी आबांकडे विजयानं बघितलं. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, चष्मा द्या." तिनं फ्रॉकच्या टोकानं चष्मा पुसला. काचांवर दुधाचे वाळलेले शिंतोडे होते. नवऱ्यानं पुन्हा चष्मा घातला, पुन्हा बघितलं. "नील," तो म्हणाला. "स्वच्छ नील."

तीन वर्षं मी माणूस बडतर्फ केला होता. दोष काचेचा होता. आबांनी ते डायरीत लिहून घेतलं आणि मोठेपणा दाखवून मला वाचून दाखवलं नाही.

सोमवारी मी बिल्ला खुंटीवर अडकवला आणि बारामतीला दाखल झाले. ऑपरेशन नीट पार पडलं. रोज फोनवर एकच विचारायची, नळी काय म्हणते? नवरा म्हणायचा, "आमचं आम्ही बघतोय. तू जेवलीस का?" मला वाटायचं, सगळं नील आहे म्हणून इतका निवांत आहे. शुक्रवारी दुपारी घरी आले, तर आबा नातवाला घेऊन ओसरीवर बसलेले. मी चपला काढल्या आणि सरळ खुंटीकडे गेले.

"हात लावू नगा," आबा म्हणाले. "दवाखान्यातनं सुटलाय. रजा संपली न्हाय. आठ दिस लिवलीया."

मग मी निदान वही तरी बघते म्हटलं. लेकीनं आणून दिली. चार दिवसांच्या नोंदी तिच्याच अक्षरात होत्या.

"मंगळवार. नील.

बुधवार. दोन प्लस. मला सर्दी आहे. बाबांनी डॉक्टरांना फोन केला. माझं मीठ बंद. आबा आले. आईला सांगायचं का विचारलं. आबा म्हणाले, बिल्ला कुठं आहे बघ. बिल्ला खुंटीवर आहे.

गुरुवार. एक प्लस.

शुक्रवार. ट्रेस. बाबांचा चष्मा पुसून बघितला. खरंच ट्रेस."

ज्या एका गोष्टीच्या भीतीनं मी दीड वर्ष कळा सोसल्या, ती माझ्यामागे घडून, पुरती निस्तरून, तारीखवार वहीत बसली होती. मला रडू आलं. मग राग आला, आणि रागात पुन्हा रडू आलं. टाके दुखत होते म्हणून धड रडताही येईना. माझ्या लेकीच्या लघवीत दोन प्लस आणि मला सांगत नाही? मी आबांना नको नको ते बोलले. त्यांनी एकदा डावं घड्याळ बघितलं, एकदा उजवं.

"बोला," म्हणाले. "रजेवर माणसाला रागवायची परवानगी हाय."

संध्याकाळच्या एसटीनं ते गेले. पुढं दोन वर्षांनी त्यांच्या नातवाच्या गोळ्या सुटल्या आणि मुलाची बदली झाली तेव्हा सगळं घर नाशिकला गेलं. दवाखान्यातला तो बाक अजून तिथंच आहे. डॉक्टर आता पुन्हा उशिरा येतात.

मला मात्र आठवते ती दुसऱ्या दिवशीची, शनिवारची सकाळ. मी आतल्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून नळीचा किणकिण आवाज आला. नवरा म्हणाला, "जरा धूसर वाटतंय गं." लेक म्हणाली, "तो आकडाच फिका छापलाय, बाबा. शेजारचा बघा." मग कॅलेंडरचं पान सळसळलं. मी कोपरावर उठले. उठून जाऊन बघावं असं इतकं वाटलं की सांगता येत नाही. टाके दुखले म्हणून थांबले असं लिहिलं असतं, पण टाके तेव्हा दुखत नव्हते.

"नील," दोघं एकदमच म्हणाले.

तेवढ्यात उशाशी फोनची घंटी वाजली. सात. ॲपचे आठ प्रश्न. पहिल्यांदाच मी माथ्यावरची ठळक ओळ वाचली आणि खरी उत्तरं दिली. झोप, तुटक. घराबाहेर, नाही. ध्यान, नाही. शेवटचा प्रश्न होता, आज तुम्ही स्वतःसाठी काय केलंत? मी लिहिलं, "उठले नाही."

ॲपचा दिवा लालभडक झाला. मी फोन पालथा ठेवला, हळूच कूस बदलली आणि झोपले.